तळमजल्याचे घर पुन्हा उभारताना: आधी पाण्याची रेघ, रंग शेवटी

पुराचे पाणी ओसरल्यावर भिंती पुसण्याआधी प्रत्येक खोलीतली पाण्याची रेघ पेन्सिलीने आखून तिची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवावी, कारण घराची पुढची सगळी आखणी त्या रेघेवरूनच करायची असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. मिठी नदीकाठी राहणाऱ्यांनी त्या वर्षीची रेघ आठवत असल्यास तीच धरावी.

रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचे प्लास्टर काढून वीट उघडी ठेवावी. मुंबईच्या दमट हवेत ती वाळायला कित्येक आठवडे लागतात, आणि गणपतीच्या आत रंग झालाच पाहिजे हा घरच्यांचा हट्ट पुरवला, तर दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटून आतला लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, बाहेर येतो. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले, तर गवंड्याला सरळ परत पाठवावे.

विजेची बटणे आणि प्लग रेघेच्या वर घेऊन वायरी छताकडून खाली उतरवाव्यात. ओट्याखाली प्लायवूडऐवजी कडप्प्याचे कप्पे करावेत, कारण प्लाय फुगतो, कडप्पा धुतला की झाले. भरतीच्या वेळी गटाराचे पाणी न्हाणीच्या जाळीतून उलटे येते, म्हणून सांडपाण्याच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून पावसाळ्यापूर्वी तो साफ करावा. जोते उचलायचे असल्यास महापालिकेच्या परवानगीची चौकशी आधी करावी.