सी ड्राइव्ह भरला? फोटो उडवण्याआधी या चुका टाळा

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. फराळाचं ताट यायच्या आधी मामेबहिणीने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "दादा, सी ड्राइव्हची पट्टी लालच आहे बघ. पिल्लूचे बारशापासूनचे सगळे फोटो उडवले, तरी जागा होईना."

"उडवले म्हणजे? दुसरीकडे ठेवलेत ना?"

"वनड्राइव्हवर आहेत की."

कुठल्या फोल्डरमधून उडवले ते दाखव म्हटलं. तिने वनड्राइव्हचंच फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं. चकली तोंडात तशीच राहिली.

ही चूक मी इतक्या जणांकडे पाहिली आहे की तीच आधी सांगतो. वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय. तिचं लॅपटॉपवरचं फोल्डर म्हणजे प्रत ठेवायची वेगळी जागा नव्हे. ते इंटरनेटवरच्या साठ्याचं आरशातलं रूप आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि त्या खात्याला जोडलेल्या फोनवरच्या वनड्राइव्हमधूनही जातं. बरं, ज्या फाइलपुढे निळा ढग दिसतो ती मुळात तुमच्या डिस्कवर नसतेच. तिथे फक्त नाव आणि चित्र असतं. अशा फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइज'समोर 4 एमबी आणि 'साइज ऑन डिस्क'समोर जवळजवळ शून्य दिसेल. म्हणजे बहिणीने मुलीचे फोटो घालवले आणि बदल्यात जागाही मिळाली नाही.

जागा हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडायचं. फाइल इंटरनेटवर राहते, डिस्कवरची प्रत तेवढी जाते. 'डिलीट' आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फोटो मिळाले. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर स्वतःची वेगळी कचरापेटी असते आणि वैयक्तिक खात्यात पुसलेलं 30 दिवस तिथे राहतं. तो सव्विसावा दिवस होता. मामींना हे अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ प्रश्न, जागा खातंय कोण? बहिणीनेही शोध घेतला होता, पण बहुतेक जण घेतात तसा. स्वतःच्या नावाचं फोल्डर उघडायचं, एकेकावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायची आणि वहीत बेरीज मांडायची. डॉक्युमेंट्स 4 जीबी, डाउनलोड्स 11, व्हिडिओज 9, डेस्कटॉप 2. सगळं मिळून 26. आणि 237 जीबीच्या ड्राइव्हमध्ये शिल्लक 1.8. (डिस्क 256 ची घेतली आणि दिसते 237, यात दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपन्या हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज 1024 च्या. तिथेच 256 चे 238 होतात, आणि उरलेलं थोडं विंडोज स्वतःच्या छोट्या पार्टिशनसाठी ठेवून घेतं.)

चूक बेरजेत नव्हती. जे दिसत नाही ते तिने मोजलंच नव्हतं. त्याच फोल्डरमध्ये 'अ‍ॅपडेटा' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं आणि व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, ब्राउझर, सगळे आपापली पोतडी तिथे भरत असतात. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'हिडन आयटेम्स' चालू केलं की ते फिकट रंगात दिसू लागतं.

पण हाताने शोधूच नका. विंडोज आणि आय ही बटणं एकत्र दाबा, सिस्टिम, मग स्टोरेज. थोडं थांबलात की अ‍ॅप्स, टेम्पररी फाइल्स, अदर अशी ढोबळ वाटणी दिसते. ढोबळच. नेमकं फोल्डर हवं असेल तर विझट्री किंवा विनडिरस्टॅट हे प्रोग्रॅम घ्या. घरच्या वापराला दोन्ही फुकट आहेत. मी विझट्री वापरतो, कारण ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही. विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची एनटीएफएस पद्धत प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात ठेवते, हे तो तक्ताच वाचतं. वाचनालयातली पुस्तकं कपाटं उघडून मोजण्याऐवजी दाखल रजिस्टर बघावं तसं. काही सेकंदांत यादी हजर, सगळ्यात जाड फोल्डर सगळ्यात वर.

इथे एक बारीक चूक होते. प्रोग्रॅम साधा डबल क्लिक करून उघडला आणि परवानगीचा प्रश्न नाकारला, तर काही फोल्डरं त्याला उघडता येत नाहीत आणि बेरीज कमी भरते. राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. तरच 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मध्ये साठलेले रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठीच्या नोंदी, मोजले जातात. ते फारच फुगले असतील तर स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, 'कॉन्फिगर' दाबा आणि तिथली पट्टी मागे ओढा.

यादी समोर आली की दुसरा मोह सुरू होतो. मोठं दिसेल ते उडवायचं. विंडोजच्या फोल्डरमधलं 'विनएसएक्सएस' हमखास नजरेत भरतं. त्याचा बराचसा आकार भासमान आहे. एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, डिस्कवर एकदाच असते, आणि मोजणारा प्रोग्रॅम कधी कधी दोनदा धरतो. तिथे हात घालू नका. विंडोजमधलाच डिस्क क्लीनअप हा प्रोग्रॅम उघडून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप'वर खूण करा, जेवढं काढण्यासारखं आहे तेवढं विंडोजच काढतं. मोठ्या अपडेटनंतर राहिलेलं 'विंडोज डॉट ओल्ड'ही इथूनच 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' या नावाने जातं. नाही काढलंत तरी ते साधारण दहा दिवसांनी आपोआप जातं.

'इन्स्टॉलर' नावाचं फोल्डरही तसंच, विंडोजच्याच पोटात. ते मी स्वतः एकदा साफ केलं होतं. आठ जीबी मोकळे झाले म्हणून खूश होतो. महिन्याभराने एक जुना प्रोग्रॅम काढायला गेलो तर तो निघेना आणि अपडेटही होईना, कारण दोन्ही कामांना लागणाऱ्या फाइली तिथेच होत्या. शेवटी अख्खं विंडोज नव्याने टाकलं.

'हायबरफिल' नावाची फाइल दिसली तर घाबरू नका, तो व्हायरस नाही. लॅपटॉप हायबरनेट करताना, म्हणजे उघडं काम जपून पूर्ण बंद करताना, रॅममधलं (तात्पुरत्या स्मृतीतलं) काम तिथे उतरवलं जातं आणि ती सहसा रॅमच्या 40 टक्के असते. आठ जीबी रॅमला 3.2. हायबरनेट बंद केलं की ती जाते, पण बॅटरी संपताना उघडं काम वाचवणारी सोयही जाते. तीन जीबीसाठी लॅपटॉपवर मी तरी हे करणार नाही.

स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्सच्या पानावर सगळ्या चौकटींत खुणा करायची घाई नको. त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. आयकराची पावती, मुलांचं हॉल तिकीट, विमा पॉलिसी, आपल्याकडे सगळं तिथेच पडलेलं असतं.

आणि चॅटच्या अ‍ॅप्सची फोल्डरं हाताने कापू नका. टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, 'मॅनेज लोकल स्टोरेज' इथे जाऊन साठा रिकामा करता येतो आणि मर्यादाही घालता येते.

बहिणीच्या लॅपटॉपवर विझट्री चालवलं तेव्हा पहिल्या ओळीतच उत्तर होतं. अ‍ॅपडेटा 98 जीबी. आत रोमिंग, आत अ‍ॅपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप, आणि शेवटी अक्षर-आकड्यांच्या लांबलचक नावाचं एकच फोल्डर. 71 जीबी. आयफोनची संगणकावर घेतलेली प्रत इथे साठते.

"तुझ्याकडे कुठे आयफोन आहे?" मी विचारलं.

आतून भाऊजींचा आवाज आला. "माझा होता. गाणी टाकायला एकदा जोडला होता. दोन वर्षं झाली विकून."

नवऱ्याच्या विकलेल्या फोनसाठी मुलीचे फोटो गेले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. तरी फोल्डर थेट उडवलं नाही. आधी त्यांना विचारलं, त्यात काही हवंय का? मग आयफोन संगणकाला जोडायच्या आयट्यून्स या प्रोग्रॅममध्ये एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हाइसेस इथे जाऊन बॅकअप निवडला आणि 'डिलीट बॅकअप' दाबलं. पट्टी निळी झाली. शिल्लक जवळपास 73.

ताट परत पुढ्यात आलं, तोवर चहा गार झाला होता.