बायपोलर असताना कळसूबाई चढायचं तर

मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो असा मानसिक आजार; त्यावर लिथियम हे औषध चालू आहे आणि डोंगर मला सोडायचा नाही. तुमचंही तसंच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मग तारीख ठरवा. लिथियमवर घाम फार गेला, पाणी कमी पडलं, की औषधाची रक्तातली पातळी चढते. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. म्हणून उन्हाळ्यात जाऊच नका. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. गुडघे दुखले तरी आयबुप्रोफेन नको, त्यानेही पातळी वाढते.

झोपेला तर मी सगळ्यात जपते. रात्रभर चालून सूर्योदय गाठायचा ट्रेक मी घेतच नाही. एका जागरणानेही मूड उधळू शकतो. आदल्या रात्री लवकर झोपायचं, सकाळी नाशिकहून घोटीमार्गे बारी गाव गाठायचं, उजेडात चढून उजेडात उतरायचं.

सरावाला नाशिकजवळची पांडवलेणी, मग रामशेज किल्ला, मग १६४६ मीटरचं कळसूबाई.

सोबतच्या एका माणसाला तरी आजार आणि त्याच्या खुणा नीट सांगून ठेवा. मी भराभर बोलायला लागले, थकवाच जाणवेना झाला, की माझी मैत्रीण मला वाटेतल्या लोखंडी शिडीखालूनच मागे वळवते. तिथे वाद घालायचा नाही, हे आमचं घरीच ठरलेलं असतं.