घरी बनवलेली रॉकेट मोटर: या चुका टाळा, मग बोलू

महिन्यातून एक शनिवार मी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या एका कोरड्या तळ्यावर हौशी लोकांची रॉकेटं उडवण्यात काढतो. पॅडवर, म्हणजे रॉकेट उभं करून सोडायच्या जागेवर, कोण जाणार, कधी जाणार, हे बघायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं. त्यामुळे त्याच त्या चुका बघून आता वीट आलाय.

सगळ्यात जुनी चूक प्रमाणपत्राबाबतची. मोठी रॉकेटं उडवायला तीन लेव्हलची प्रमाणपत्रं असतात, आणि प्रत्येकासाठी एक उड्डाण करून दाखवावं लागतं. "लेव्हल वनचं उड्डाण माझ्याच मोटरवर केलं तर चालेल ना?" नाही चालणार. इथे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था दोन, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली. दोन्हीकडे हे उड्डाण बाजारातल्या, तपासून मान्यता मिळालेल्या मोटरवरच करावं लागतं. मोटरची ताकद अक्षराने सांगतात: पहिल्या लेव्हलला H आणि I, दुसरीला J, K, L आणि वर लेखी परीक्षा, तिसरीला M आणि त्यापुढच्या. H म्हणजे एकूण जोर 160 ते 320 न्यूटन-सेकंद, आणि प्रत्येक अक्षराला आकडा दुप्पट. घरच्या मोटरला पहिली संस्था दारातच उभं करत नाही. ट्रिपोली करते, पण दुसरी लेव्हल झाल्यावर आणि खास त्यासाठी ठेवलेल्या रिसर्च उड्डाणांतच. "मग दोन वर्षं काय नुसती विकतची उडवू?" हो, उडव. पॅराशूट वेळेवर उघडायला शिकण्यात माझी तेवढी वर्षं गेली.

आता माझ्या डोक्यात कायमची बसलेली चूक: "चालतंय रे."

मित्राने बनवलेली K मोटर होती. गाडीतून सामान उतरवताना प्रोपेलंटचा, म्हणजे घन इंधनाचा, एक ग्रेन (ठोकळा) हातातून सटकून डिकीच्या कडेवर आपटला. फिरवून फिरवून बघितला, वरून ओरखडासुद्धा नव्हता. तो म्हणाला, "चालतंय रे." मीही मान हलवली, ही माझी चूक. बटण दाबलं, रॉकेट पॅडवरून जेमतेम दोन पुरुष वर गेलं आणि असा आवाज झाला की छातीत धस्स झालं. खाली आलं ते केळ्याच्या सालीसारखं उकललेलं अॅल्युमिनियमचं कवच. नोझल, म्हणजे वायू बाहेर पडायचं तोंड, सापडायला अर्धा तास लागला, मातीत अर्धं रुतलेलं. K साठी नियमाने 200 फूट अंतर पुरतं. त्या दिवशी सगळ्यांना 500 फुटांवर उभं केलं होतं, तेही माझ्या हुशारीने नाही. तिथे सावलीचा मांडव होता म्हणून.

झालं असं की आत बारीक तडा गेला होता. जळणारा वायू तड्यात शिरला की जळणारं क्षेत्रफळ वाढतं, त्याने दाब वाढतो, दाब वाढला की प्रोपेलंट आणखी जोरात जळतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत कवच हार मानतं. अॅल्युमिनियम फाटतं, म्हणून निभावलं. नळाचं लोखंडी पाइप घेऊन येणारे वीर असतात, त्यांच्या त्या पाइपचे अशा वेळी छर्रे होतात. पीव्हीसीचेही होतात. मोटर सोडा, रॉकेटच्या बांधणीसाठीही नियमात कागद, लाकूड, प्लास्टिक, फायबरग्लास असं हलकं सामान आणि अगदी गरज पडली तरच तन्य (तुकडे न होता ताणला जाणारा) धातू, असं लिहिलंय.

तेव्हापासून माझी सवय: हातातून पडलेला ग्रेन बाद. मालक कितीही तोंड पाडून बसला तरी बाद. त्याची विल्हेवाटही ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनीच लावायची.

दुसरं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की नवखा माणूस धावत सुटतो. नियम 60 सेकंदांचा आहे: आधी लाँचरची चावी काढायची, मग थांबायचं. मी घरच्या मोटरला पाच मिनिटं मोजतो आणि चावी खिशात घालून स्वतःच जातो. कुणी "किती वेळ?" विचारलं, की मुद्दाम थर्मासमधला चहा ओततो.

बाकीचं पटापट. मोटर पेटवणारा इग्नायटर पॅडवरच घालायचा, टेबलावर नाही. उंची मोजून पॅराशूट उघडवणाऱ्या अल्टिमीटरचा स्विच रॉकेट उभं झाल्यावरच चालू करायचा. पॅराशूट बाहेर फेकणारी स्फोटक पूड टेबलावरच उडालेली मी पाहिलीय, भुवया उगवायला वेळ लागतो. मोटरचे सांधे बंद करणारी रबरी ओ-रिंग जुनी दिसली की फेकायची. वारा ताशी 20 मैलांवर गेला की सामान आवरायचं.

गेल्या महिन्यात नाशिकहून एका मुलाचा मेसेज आला: "काका, साखरेच्या इंधनावरच्या मोटरची रेसिपी पाठवा ना, व्हिडिओत सोपं वाटतंय." पाठवली नाही. त्याला सांगितलं की 1884 च्या स्फोटक कायद्याच्या व्याख्येत 'रॉकेट' हा शब्दच लिहिलेला आहे, विनापरवाना बनवणं गुन्हा आहे, आणि परवाने देणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कॉलेजात टीम असेल तर मार्गदर्शक प्राध्यापकांकडून रीतसर विचारपूस कर, तोवर अल्टिमीटर आणि पॅराशूटवर काम कर. उत्तर आलं, "काका, ते बोअर आहे."

काल त्याने गच्चीवरून सोडलेल्या पॅराशूटचा व्हिडिओ पाठवला. दोऱ्यांचा गुंता झाला होता. आता तो सोडवतोय.