होमस्कूलिंगवर नवं बिल आलंय? घाईत होणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या, आपल्या मराठी घरांमध्ये जानेवारी ते मे हे महिने जरा धाकधुकीचेच जातात. बहुतेक राज्यांची विधिमंडळं याच काळात भरतात आणि कुठल्या ना कुठल्या बिलाचा मेसेज ग्रुपवर फिरू लागतो. "आता घरी येऊन तपासणार", "आता दरवर्षी परीक्षा". आईवडील खरोखर घाबरतात, रात्री जागून मेल लिहितात. पण तो मेल बऱ्याचदा चुकीच्या माणसाकडे जातो, किंवा वेळ निघून गेल्यावर जातो, किंवा बिलातून कधीच वगळलेल्या कलमाबद्दल असतो. इतकी तळमळ अशी वाया जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

आमदाराचं काम खासदाराला सांगणं

होमस्कूलिंगसाठी देशभराचा असा एक कायदा अमेरिकेत नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय. १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंगला कायदेशीर वाट मिळाली, पण प्रत्येक राज्याची वाट निराळी. टेक्सास किंवा न्यू जर्सीत सुरुवातीपासून घरीच शिकवत असाल तर कुणाला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १ जुलैपर्यंत लेखी सूचना, मग वर्षाचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि शेवटी मूल्यमापन. पेनसिल्वेनियात नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि वर्षअखेरीला मुलाच्या कामाचं मूल्यांकन. त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या मैत्रिणीने कितीही मनापासून सल्ला दिला तरी तो न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोमध्ये कामाचा नाही. ग्रुपवर आलेल्या बिलाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या राज्याचं?

बिल तुमच्याच राज्याचं असेल तर मत देणारा माणूसही राज्याच्या विधिमंडळातला असतो. 'सिनेटर' हा शब्द दोन्हीकडे असल्यामुळे इथे हमखास गल्लत होते. लोक वॉशिंग्टनमधल्या सिनेटरला फोन लावतात, आणि त्या बिलावर त्याला मतच नसतं. विधिमंडळाच्या वेबसाइटवर घरचा पत्ता टाकला की तुमच्या डिस्ट्रिक्टचे दोन्ही सभागृहांतले प्रतिनिधी कळतात (नेब्रास्काला एकच सभागृह आहे). मेलमध्ये पत्ता किंवा निदान झिप कोड लिहा. ऑफिसमधला माणूस आधी हेच बघतो की लिहिणारा आपल्या मतदारसंघातला आहे का.

बिल न वाचता बिलावर बोलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. बिलाच्या मजकुरात आधीपासून लागू असलेला कायदाही छापलेला असतो. बहुतेक राज्यांत नवीन शब्द अधोरेखित असतात आणि काढून टाकायचे शब्द मधून रेघ मारून दाखवलेले असतात. साधा छापलेला भाग म्हणजे आजही लागू असलेला कायदा. 'सक्तीची हजेरी', 'दंड' असे शब्द त्या साध्या भागात दिसले आणि घबराट पसरली, असं किती वेळा होतं! म्हणून आधी फक्त अधोरेखित ओळी वाचा. 'शॅल' कुठे आहे आणि 'मे' कुठे, ते बघा: पहिल्यात सक्ती असते, दुसऱ्यात मुभा. कायदा कधीपासून लागू होणार, तेही नोंदवा.

मग आवृत्ती. कमिटीत दुरुस्त्या होतात आणि बिलाचा चेहरामोहरा बदलतो, कधी कधी आतला सगळा मजकूरच बदलतो. कॅलिफोर्नियाचं २०१८चं एबी २७५६ हे बिल आठवा. तिथल्याच पेरिस (Perris) शहरातल्या एका घरात मुलांना डांबून ठेवल्याचं त्या जानेवारीत उघडकीला आलं. होमस्कूलिंगसाठी त्या घराची नोंद खाजगी शाळा म्हणून होती. त्यातून आलेल्या या बिलात सुरुवातीला घरांच्या अग्निसुरक्षा तपासणीचं कलम होतं. नंतर ते वगळलं गेलं आणि उरला तो माहिती गोळा करण्याचा भाग. एप्रिलमधल्या सुनावणीत अग्निसुरक्षेवरच बोलत राहिलं असतं, तर 'ते कलम आता नाही' एवढ्या एका वाक्यात मुद्दा संपला असता. त्या दिवशी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, शेकडो कुटुंबं रांगेत उभी राहिली. काही तास एकेक जण माइकवर येऊन नाव सांगून विरोध नोंदवत होता. शेवटी बिल मतदानाला घ्यायचा प्रस्ताव कमिटीतल्या एकाही सदस्याने मांडला नाही आणि ते तिथेच संपलं. हे वाचलं की मला अजूनही उभारी येते. नावगाव सांगणारा प्रत्येक माणूस मोजला जातो.

वेळ आणि खिडकी चुकणं

प्रत्येक राज्याची विरोध नोंदवण्याची रीत वेगळी. इलिनॉयमध्ये 'विटनेस स्लिप' असते. सुनावणीला न जाता ती ऑनलाइन भरता येते. बिलाच्या बाजूने, विरोधात की तटस्थ, ते निवडायचं. बोलायचं नसेल तर फक्त हजेरीची नोंद हा पर्याय घ्यायचा. गोम अशी की स्लिप त्या विशिष्ट सुनावणीपुरती असते. तारीख पुढे गेली किंवा दुरुस्ती स्वतंत्रपणे सुनावणीला आली, तर नवी स्लिप भरावी लागते. 'मी मागच्या महिन्यात भरली की' म्हणून लोक गाफील राहतात.

त्याच इलिनॉयमध्ये २०२५ साली एचबी २८२७ आलं. होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांनी दरवर्षी घोषणापत्र भरून द्यावं, ही त्यातली एक अट. हजारोंनी विरोधी स्लिपा भरल्या. बिल कमिटीतून पुढे सरकलं, पण मे अखेरीपर्यंत सभागृहात मतदानाला आलं नाही. पुष्कळांनी 'जिंकलो' म्हणून पाठपुरावा सोडला. पण तिथली जनरल असेम्ब्ली दोन वर्षांची असते, त्यामुळे पहिल्या वर्षी अडकलेलं बिल दुसऱ्या वर्षी पुन्हा हलू शकतं. टेक्सासमध्ये उलट. तिथे नियमित अधिवेशन विषम वर्षी १४० दिवसांचं असतं आणि ते संपलं की बिलही संपतं. तुमच्या राज्यात काय आहे, ते एकदा नीट बघून ठेवा.

"आपण एच-वनवर आहोत, आपण कुठे बोलणार?"

एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असलेल्या आपल्या लोकांत हा प्रश्न फार येतो, आणि त्यामागची भीती मला कळते. मत देता येत नाही हे खरं. पण प्रतिनिधीला पत्र लिहिणं, ऑफिसात भेटणं, कमिटीपुढे बोलणं यासाठी नागरिकत्व लागत नाही. सरकारकडे दाद मागायचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीत आहे. तुम्ही तिथे राहता, कर भरता, तुमची मुलं तिथे शिकतात, आणि तो प्रतिनिधी तुमच्या घराचाही आहे.

खरी काळजी घ्यायची ती पैशांच्या बाबतीत. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकांनी निवडणुकीसाठी देणगी द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ती राज्याच्या व गावपातळीच्या निवडणुकांनाही लागू आहे. तेव्हा आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या उमेदवाराला प्रेमाने पंचवीस डॉलर पाठवायचे नाहीत. तुमचं मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर मंडळाच्या नावाने उमेदवाराचा प्रचारही चालत नाही. बिलाबद्दल मर्यादित प्रमाणात बोलायला मात्र हरकत नाही.

अनुदान आणि होमस्कूलिंग एकच समजणं

ॲरिझोनात २०२२पासून शैक्षणिक खात्याचा (मुलाच्या शिक्षणासाठी राज्य ज्यात पैसे जमा करतं त्या खात्याचा) लाभ सगळ्या मुलांना खुला झाला. पण तो घेतला की कायद्याच्या भाषेत तुम्ही होमस्कूलर राहत नाही, तुम्ही राज्याशी करार केलेला असतो. फ्लोरिडातही शिष्यवृत्तीवर घरी शिकणाऱ्या मुलांचा प्रकार कायद्यात वेगळा आहे. अशी बिलं चांगली की वाईट यावर मतभेद असतील. निदान सही करण्याआधी आपण कुठल्या रकान्यात जाणार ते माहीत हवं.

समोरच्याला शत्रू समजणं

बिल आणणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एखादं छळ झालेलं मूल असतं. त्याला 'आमच्या हक्कांवर घाला' एवढंच उत्तर देणं मला पटत नाही, आणि ते उपयोगीही पडत नाही. मुलांची सुरक्षा आपल्यालाही हवीच आहे, हे आधी सांगा. मग विचारा की हा फॉर्म भरल्याने ते मूल सापडलं असतं का.

बोलायला बहुधा दोनच मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यात नाव, गाव, बिलाचा क्रमांक आणि बाजू. दुसऱ्यात नेमकं कलम. मग आपल्या घरातलं एकच उदाहरण: समजा, डिस्लेक्सिया (वाचन-लेखन जड जाणं) असलेली मुलगी पुस्तकं ऐकून इतिहास शिकते, आणि लेखी परीक्षेच्या कलमामुळे तिचं हे शिकणं कुठेच दिसणार नाही. शेवटी काय बदल हवा ते. ग्रुपवरून आलेलं तयार पत्र शब्दशः वाचू नका. एकसारखी पन्नास पत्रं आली की ऑफिसमध्ये फक्त आकडा नोंदवला जातो, मजकूर कुणी वाचत नाही.

फक्त अधिवेशनात जागं होणं

पुढच्या अधिवेशनाची बिलं मधल्या महिन्यांत शिजतात. टेक्सासमध्ये जानेवारीतल्या अधिवेशनासाठी बिलं आदल्या नोव्हेंबरपासूनच दाखल होऊ लागतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या प्रतिनिधीच्या स्थानिक ऑफिसात वीस मिनिटांची वेळ मागा. मुलांना घेऊन जा, त्यांच्या वह्या दाखवा, शिक्षणाचं काम बघणाऱ्या सहायकाचं नाव आणि मेल लिहून घ्या. घरी आल्यावर त्याच दिवशी आभाराचा मेल पाठवा आणि त्यात एक विनंती करा: होमस्कूलिंगबद्दल काही मसुदा तयार होत असेल तर आम्हाला आधी विचारा.