पुण्यात फ्लॅट भाड्याने घेताय? नोटरीवर भागवू नका
कोथरूड असो की वाकड, एजंट हमखास म्हणणार की ११ महिन्यांचंच अ‍ॅग्रीमेंट आहे ना मग नोटरी चालते, तर ते महाराष्ट्रात चालत नाही बरं का. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, रजिस्टरच करावं लागतं आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल केलं अन् उद्या डिपॉझिटवरून वाजलं, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूच्या अटी खऱ्या धरतात, हे मालकाला गोडीत ऐकवा. आधार अन् अंगठा देऊन घरबसल्या ऑनलाइन होतं. फक्त ड्राफ्ट आधी वाचा, लॉक-इन (म्हणजे मधेच घर सोडता येत नाही तो काळ) किती, रंगकामाचे पैसे कोणाचे, मेंटेनन्स वेगळा का, एवढं तरी. आणि हो, पाणी किती वेळ येतं ते मालकाला नको, वॉचमनला विचारा.