भरतकामाची कलाकृती प्रदर्शनासाठी कशी तयार करावी

भरतकाम पूर्ण झाले की मगच ते प्रदर्शनात कसे मांडायचे याचा विचार करायचा, अशी सर्वसाधारण पद्धत असते. ती बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन. कलाकृती भिंतीवर ताणून लावायची, छतापासून मोकळी सोडायची की टेबलावर आडवी ठेवायची हे पहिल्या टाक्याआधीच ठरवावे, कारण कापडाचे वजन, काठाला सोडायची जागा आणि उलट बाजूची शिस्त या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. अमेरिकी कलाकार जुडी शिकागो यांच्या ‘द डिनर पार्टी’ (१९७४–७९) या त्रिकोणी टेबलाच्या कलाकृतीत ३९ स्त्रियांच्या जागा मांडलेल्या आहेत. प्रत्येक ताटाखालचे भरलेले कापड टेबलाच्या कडेवरून खाली उतरते आणि त्या स्त्रीचे नाव पाहणाऱ्याच्या समोर येते. असा परिणाम मांडणीचा विचार आधी केल्याशिवाय साधत नाही.

ताणून लावायच्या कामासाठी चारही बाजूंना किमान आठ ते दहा सेंटिमीटर कोरे कापड सोडावे. मूळ कापड पातळ असेल तर त्याखाली धुऊन आटवलेला मांजरपाट जोडून दोन्ही थरांवर एकत्र टाके घालावेत, म्हणजे दाट भरीव टाक्यांचा ताण एकट्या वरच्या कापडावर येत नाही. दर बैठकीनंतर कापड ताणून धरणारी गोल रिंग काढून ठेवावी. दिवसेंदिवस तशीच राहिलेली रिंग जो वळ उमटवते, तो पुढे सहज जात नाही. आराखडा पाण्याने पुसल्या जाणाऱ्या पेनने काढला असेल तर इस्त्री करण्याआधी तो पूर्ण धुऊन काढावा, नाहीतर उष्णतेने ती रेघ पक्की होऊ शकते. उष्णतेने नाहीशी होणारी शाई तर थंडीत पुन्हा उमटू शकते, म्हणून प्रदर्शनाच्या कामात ती वापरूच नये. गडद लाल, निळ्या आणि काळ्या धाग्यांची लडी ओल्या पांढऱ्या सुती कापडात दाबून पाहावी. रंग सुटत असेल तर तो धागा बाजूला ठेवावा.

आता उलट बाजूविषयी. ती नीटनेटकी असलीच पाहिजे, हा आग्रह मला सरसकट मान्य नाही. ती कलाकृतीच्या मांडणीला साजेशी असावी, एवढेच खरे. फिक्या कापडामागून एका आकृतीकडून दुसरीकडे ओढलेला गडद धागा दिव्याखाली समोरून दिसतो, आणि कापड पुठ्ठ्यावर ताणले की मागच्या गाठी उंचवटे होऊन वर येतात. म्हणून अशा कामात गाठ टाळून धाग्याचे टोक मागच्या टाक्यांखालून ओवावे. मोकळ्या लटकणाऱ्या कामात मागची बाजूही पाहिली जाते, तेव्हा तिचीही रचना करावी लागते. लोंबते धागे हा प्रत्येक वेळी दोषच असतो असे नाही. इजिप्तमध्ये जन्मलेल्या कलाकार घादा आमेर यांच्या चित्रांत ते मुद्दाम पुढे सोडलेले असतात आणि त्यांच्या गुंत्यातून भरलेल्या आकृत्या शोधाव्या लागतात. धागे सोडायचे असतील तर ते ठरवून सोडलेले आहेत, हे पाहणाऱ्याला जाणवले पाहिजे.

लहान काम लावताना आम्लमुक्त पुठ्ठ्यावर सुती फ्लॅनेलचा थर द्यावा, त्यावर कापड ठेवावे आणि चारही कडांच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे गंज न धरणाऱ्या टाचण्या लावत जावे. कापडाचे उभे-आडवे धागे पुठ्ठ्याच्या कडेशी समांतर आहेत याची खात्री झाल्यावर मागून समोरासमोरच्या कडा मजबूत दोऱ्याने आडव्या-तिडव्या खेचून बांधाव्यात. गोंद आणि चिकटपट्टी अजिबात वापरू नये, कारण कालांतराने दोन्ही पिवळी पडतात आणि डाग कापडात उतरतो. मोठ्या कामासाठी वेल्क्रोची मऊ पट्टी आधी सुती नाडीवर शिवावी आणि ती नाडी कलाकृतीच्या वरच्या काठाला मागून हाताने, सर्व थरांतून टाके घेत जोडावी. खरखरीत पट्टी भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर बसवली की वजन पूर्ण रुंदीवर वाटले जाते.

काच लावल्यास ती भरतकामाला टेकता कामा नये. मध्ये पट्टी घालून अंतर ठेवावे, अन्यथा उठावदार टाके चेपतात आणि ओल धरते. काचेने पोत काहीसा हरवतोच. त्यामुळे काम धुळीने खराब होण्याइतके नाजूक नसेल आणि प्रदर्शन थोड्या दिवसांचे असेल तर मी काचेशिवाय मांडणेच पसंत करेन. प्रकाशाबाबत मात्र सूट घेऊ नये. कापडासाठी संग्रहालये साधारणपणे ५० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते, म्हणजे १०० लक्समध्ये एक महिना आणि ५० लक्समध्ये दोन महिने यांचा परिणाम जवळपास सारखाच. दिवा किंचित बाजूने टाकला तर प्रत्येक टाक्याची सावली पडते आणि कमी उजेडातही पोत ठसठशीत दिसतो.

नामपट्टीवर शीर्षक, वर्ष, कापड आणि धाग्याचा प्रकार, उंची आणि रुंदी लिहावी. त्याबरोबरच टाके कोणी घातले हेही लिहावे, आणि याबाबत मी कोणतीही सबब मान्य करत नाही. इटालियन कलाकार आलिघिएरो बोएत्ती यांचे १९७१ पासूनचे जगाचे भरलेले नकाशे अफगाण स्त्रियांनी तयार केले, आणि त्यांतील काहींत समुद्र गुलाबी आहे तो भरणाऱ्या हातांच्या निवडीमुळे. तरीही ते नकाशे बोएत्तींच्याच नावाने ओळखले जातात. ब्रिटिश कलाकार कॉर्नेलिया पार्कर यांची २०१५ मधील सुमारे १३ मीटर लांबीची ‘मॅग्ना कार्टा’ ही कलाकृती, म्हणजे त्या नावाच्या जुन्या इंग्लिश सनदेवरील विकिपीडिया पानाची भरलेली प्रतिकृती, भरण्यात २००हून अधिक जणांचा हात होता, आणि अनेकांचा सहभाग हाच तिच्या अर्थाचा भाग आहे. मदतनीसांची नावे काम सुरू असतानाच नोंदवून ठेवावीत.

प्रवासासाठी न ताणलेले काम घडी न घालता, सुलट बाजू बाहेर ठेवून आम्लमुक्त कागद गुंडाळलेल्या रुंद नळीवर गुंडाळावे. बांधण्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि परत आल्यावर कलाकृती त्यांच्याशी ताडून पाहावी.