जुन्या व्हॅनखाली डाग पडतोय, डॅशवर लाईट लागतोय? गॅरेजला जायच्या आधी एवढं बघा

जुनी ओम्नी नाहीतर ईको घेतली की महिन्याभरात पार्किंगमधे डाग दिसतोच आणि शेजारचे काका सांगायला येतात, "ऑईल गळतंय बरं का तुमचं". मी असाच घाबरून गाडी घेऊन गॅरेजला गेलो होतो, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरनं ठिबकत होतं म्हणून मेकॅनिक म्हणाला मागचं मेन सील (इंजिनच्या मागून ऑईल बाहेर येऊ न देणारी रिंग) गेलं, ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, साडेपाच हजार गेले आणि चौथ्या दिवशी डाग परत तिथेच. गळत होतं टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून, दीडशे रुपयांचं रबर! तेल इंजिनच्या पाठीवरनं ओघळत बरोबर त्या जोडावर येऊन ठिबकायचं. तेव्हापासून मी डाग बघत नाही, सगळ्यात वरची ओली जागा शोधतो.

आधी गळतंय काय ते ठरवा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाका (फ्रिजच्या खोक्याचा मस्त होतो) आणि पुढची चाकं कुठे येतात तिथे पुठ्ठ्यावर खडूने खुणा मारून ठेवा, नाहीतर सकाळी कुठला थेंब कुठला काही कळत नाही. सकाळी टिश्यू पेपरने टिपून रंग आणि वास बघा.

चॉकलेटी-काळं, बुळबुळीत, पुढच्या सीटखालच्या भागात पडलंय तर इंजिन ऑईल. घट्ट आणि नाक मुरडावं असा गंधकासारखा घाण वास आला तर गिअर ऑईल, ते गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून येतं, आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध पडलं असेल तर क्राऊनच्या (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोल डब्यातल्या गिअरच्या) सीलमधून, कारण या गाड्या मागच्या चाकावर चालतात. हिरवं किंवा गुलाबी, जरा गोडसर वास, बोटाला चिकट म्हणजे कुलंट (रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं पाणी), त्याचं वाळल्यावर होजच्या क्लिपपाशी पांढरट-हिरवट खार धरतं तिथे बरोबर पकडता येतं. नुसतं पाणी, वास नाही, आणि काल एसी लावला होता? सोडून द्या, ते एसीचं पाणी.

चाकाच्या आतल्या बाजूने फिकट पिवळं पातळ तेल ओघळलंय तर मात्र गाडी हलवूच नका. ते ब्रेक ऑईल, बहुतेक ड्रममधला व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा पंप) गळतोय. ब्रेक दाबून बघा, पेडल मऊ लागलं किंवा खाली खाली जात राहिलं तर खात्रीच, पण तसं नसलं तरी मेकॅनिकलाच घरी बोलवा. डबीत ऑईल टॉपअप करून "आजच्या दिवस चालेल" असलं काही करू नका. पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तरी तेच, गाडी चालू करायची नाही, आणि सीएनजी असेल तर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करून टाका.

आता इंजिन ऑईल कुठून येतंय ते. ओम्नी-ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सीट उचलली की टॅपेट कव्हर समोरच दिसतं, खाली झोपायची गरज नाही (आणि खाली जायचंच असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा). गार इंजिन ब्रशने डिझेल लावून पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या, मग कव्हरच्या कडेला, ऑईल फिल्टरपाशी, ऑईल प्रेशर स्विचपाशी अंगाला लावायची पावडर भुरभुरा, पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा आणि टॉर्च मारा. पावडरीत जिथे पहिली ओली रेघ उमटलीय तिथे गळती.

लाईटचं सोपंय, लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावकाश गॅरेज गाठा. ऑईलच्या बुधलीचा लाल लाईट चालू गाडीत लागला की बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद, कारण तो प्रेशरचा लाईट आहे, तो लागेपर्यंत ऑईल खूपच उतरलेलं असू शकतं. पाच-दहा मिनिटांनी सपाट जागेवर डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघा. लेव्हल बरोबर असेल तर स्विच खराब असू शकतो, पण ते प्रेशर गेज लावून खात्री केल्याशिवाय गाडी चालवायची नाही.

बॅटरीचा लाल लाईट लागला की लोक बॅटरीच बदलतात. आधी अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा) बेल्ट बघा ना! मल्टीमीटर असेल तर चालू इंजिनवर बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, साडेबाराच दिसले तर चार्जिंग होत नाहीये. बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंप पण फिरतो, म्हणून खंबाटकीसारख्या घाटात बॅटरी आणि टेंपरेचर दोन्ही लाईट एकदम लागले तर बेल्ट तुटला समजा आणि एक किलोमीटरही पुढे नेऊ नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंडावर वाफ येते, अर्धा तास तरी थांबाच.

चेक इंजिन पिवळा नुसता लागून राहिला तर गाडी चालते, पण लुकलुकायला लागला आणि गाडी झटके देतेय तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे इंधन नीट पेटत नाहीये. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावल्यावर पी०३०१ कोड आला म्हणजे एक नंबर सिलिंडर, मग आधी प्लग आणि कॉईल बघायची. कार्बोरेटरवाल्या ओम्नीत हा लाईटच नाही, तिथे स्कॅनर घेऊन काही उपयोग नाही.

अजून घ्यायचीच असेल गाडी तर इंजिन चकचकीत धुतलेलं दिसलं की खूश होऊ नका, अर्धा तास चालवून मग सीट उचलून बघा. आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा, ऑईल, बॅटरी, चेक इंजिन (असेल तर) सगळे लाईट लागून दाखवले पाहिजेत. मी बघितलेल्या एका गाडीत ऑईलचा लाईट लागतच नव्हता, मीटर खोलला तर बल्बच्या जागेवर काळी टेप.